ताईचा तिरका दात

६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकू नकोस. मी घर सोडून कुठे गेलेले नाही. हा माझ्या लॅबचा पत्ता आहे आणि उत्तरही इथेच पाठव. घरी आलेलं माझं पत्र आई उघडते, आधी स्वतः वाचते आणि मग मला वाचून दाखवते, मधेमधे आपली मतं घालत. मागच्या खेपेला तू सहज विचारलं होतंस की मी वाळले तर नाही ना. तिथे वाचन थांबवून तिने मला खिडकीपाशी उभं केलं आणि पुढून-मागून तपासलं. वय वर्षं पस्तीस, मावशी!

बातमी अशी की आईचे उरलेले सात दात गेल्या महिन्यात काढले आणि आता पूर्ण कवळी करायची आहे. डॉक्टरांचा दवाखाना पुढे आणि आमची लॅब मागे, त्यामुळे तिच्या तोंडाचं माप थेट आमच्याकडे आलं. मालकांनी तो प्लास्टरचा जबडा मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला निघून गेले. माणूस तसा शूर आहे, पण आईला एकदा भेटलेला आहे. तिची समजूत आहे की कवळी मालक स्वतः करणार.

सोळा वर्षं मी लोकांच्या कवळ्या करते. गुलाबी मेणात एकेक दात बसवायला घेतला की मला जेवणाची आठवण राहत नाही. इथली निम्मी म्हातारी माणसं मी लावलेल्या दातांनी हसतात आणि भांडतातही. आईचं म्हणणं असं की लोकांच्या मुली चार माणसांत सांगता येईल असं काम करतात आणि आमची दात विकते.

ती निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हॉस्पिटलातला मेट्रनचा रुबाब तिने घरी आणला आहे. सकाळी सहाला राउंड. चादरीचे कोपरे तिच्या पद्धतीने दुमडलेले नसतील तर ती चादर ओढून काढते आणि मला पुन्हा घालायला लावते. फळीवरून बोट फिरवते आणि ते बोट मला दाखवते. मी घासलेली भांडी मला ऐकू येईल अशा बेताने परत घासते. संध्याकाळचे सव्वासात झाले की लॅबमध्ये फोन येतो आणि मालक नुसतं "निघाली, निघाली" म्हणून ठेवून देतात, मी समोर बसलेली असले तरी. आणि कुठलीही गोष्ट काढली की तिचं ठरलेलं वाक्य येतं, की तुला ते जमायचं नाही.

मीही माझे उपाय शोधले आहेत. घरात शिरण्याआधी जिन्यावर पाच मिनिटं बसते. ती बोलायला लागली की मनात दात मोजते, वरचे चौदा आणि खालचे चौदा. खालचे संपेपर्यंत बहुतेक तिचंही संपतं. माझा लाल स्कार्फ लॅबच्या खणात राहतो, कारण लाल रंग मला शोभत नाही असा निकाल मी अकरा वर्षांची असतानाच लागला आहे. पण ती वाईट नाही गं. मला ताप आला की हीच बाई रात्रभर कपाळावरची पट्टी बदलत बसते आणि एक शब्द बोलत नाही. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, आणि म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना माझा हात अडतो आहे.

दुसऱ्या शहरात दातांचं काम शिकवणारी एक शाळा आहे. तिथे हातकाम शिकवायला मला बोलावलं आहे. राहायला खोलीही देणार आहेत. एप्रिलअखेर उत्तर द्यायचं आहे. ते पत्र मी मेणाच्या डब्याखाली ठेवलं आहे आणि रोज एकदा काढून वाचते. मला जायचं आहे, मावशी. इतकं कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. आईला सांगायचं कसं, एवढंच कळत नाही.

आता कामाचं विचारते. दात बसवताना माणसाचे मूळचे दात कसे होते ते कळलं तर चेहरा त्याचा त्याला परत मिळतो. आईच्या प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले, लग्नाच्या फोटोतसुद्धा तोंडात थर्मामीटर असल्यासारखे. तिच्या पुढच्या दातांत एक खोटा होता हे मला या कामात पडल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाली, पडला होता. लहानपणी तिचे दात कसे होते, तुला आठवतं का?

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं, तो असाच राहू दे.

तुझी,
भिंगरी

*

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोपांच्या कुंड्या बदलत होते. मातीच्या हातांनीच वाचलं, म्हणून पाकिटावर डाग आहेत. तुझे काका म्हणाले की ताईने बघितलं तर दोघींना नखं दाखवायला उभं करील. बघ, इतक्या लांब बसून आम्हीही तिला भितो.

दात आठवतो का म्हणून काय विचारतेस! वरच्या पुढच्या दोन दातांच्या शेजारचा, डावीकडचा, जरा तिरका होता आणि मोठ्या दाताच्या खांद्यावर चढून बसल्यासारखा पुढे यायचा. आमच्या आईचाही तस्साच होता. ताई हसली की आधी तो दात दिसायचा आणि मग बाकीची ताई.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि ताई चौदाची. बाबा कापडाच्या कारखान्यात पाळीवर जायचे. ताईने एका आठवड्यात घर हातात घेतलं. रोज सकाळी मला मोरीपाशी स्टुलावर बसवायची, स्वतः समोर उकिडवी बसायची आणि ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची, अगदी कानामागेही. पाणी थंडगार असायचं. मी वेडीवाकडी तोंडं करायची आणि ती हसायची, माझ्या नाकासमोर, वीतभर अंतरावर. तो दात मी असा रोज पाहिलेला आहे. मग वेणी घालायची, ती अशी घट्ट की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या राहायच्या. शाळेत बाई विचारायच्या की कसलं आश्चर्य वाटतंय तुला.

ते हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. लहान होते, लक्षात आलं नाही. ती एकोणीस वर्षांची असताना नर्सिंगला लागली आणि एक दिवस तोंडावर रुमाल धरून घरी आली. तो दात काढून सरळ दात बसवून घेतला होता. तिचा नीटनेटकेपणा आता तोंडापर्यंत पोचला, असं मी मनात म्हटलं. मला फार राग आला होता. माझी कुणी काही वस्तू न विचारता टाकून दिली असं वाटलं.

आता तुझं. ऐक माझं, मी यातून गेलेली आहे. एकविसाव्या वर्षी मला या रोपवाटिकेत काम मिळालं. ताईला सांगायची हिंमत झाली नाही. तिने नाही म्हटलं असतं आणि तिने नाही म्हटल्यावर माझे पाय उचलले नसते. ती दुपारच्या ड्यूटीवर गेली, मी पिशवी भरली, तीन ओळींची चिठ्ठी तिच्या उशीवर ठेवली आणि बसमध्ये बसले. तूही तसंच कर. होकार कळव, सामान थोडं थोडं लॅबमध्ये नेऊन ठेव आणि एक दिवस नीघ. पोचल्यावर पत्र टाक. चार दिवस ती आरडाओरडा करील, पण तो तुला ऐकू येणार नाही. समोर उभं राहून तिला सांगणं हे आपल्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

जेवणाची हयगय करू नकोस. काकांचे आशीर्वाद. माया आहे ती तुला ठाऊक आहे, कागदावर किती लिहायची.

तुझी,
मावशी

*

३ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल आईची मेणातली चाचणी झाली. सगळं घडलं तसं लिहिते, कारण अजून माझं मलाच खरं वाटत नाही.

तुझ्या पत्रावरून मी दात बसवले. डावीकडचा तो दात जरा वळवला, शेजारच्या दातावर किंचित चढवला. चार वेळा काढून परत बसवला. म्हाताऱ्या माणसाच्या कवळीत असा खट्याळ दात कुणी लावत नाही. मालकांनी बघितलं आणि विचारलं की माझी तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं की आई मूळची अशी आहे. ते म्हणाले, मग तूच सांभाळ.

डॉक्टरांनी मेणाची कवळी आईच्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला. मी दाराच्या फटीतून बघत होते. तिने ओठ उघडले आणि ती बघतच राहिली. मावशी, ती बाई आरशात बघते ती केस नीट आहेत का एवढ्यापुरतं. काल तिने किती वेळ आरसा धरला असेल, डॉक्टरांनी दोनदा घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता आरसा फेकणार.

तिने आरसा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की दात चुकीच्या बाजूला आहे. तिरका होता तो उजवीकडचा, डावीकडचा नाही. मग मान न वळवता म्हणाली की दाराआड उभी आहे तिने आत यावं, पाठ वाकवून उभं राहू नये.

घरी येईपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मी वरचे चौदा आणि खालचे चौदा तीनदा मोजले. जेवताना सूपचा वाडगा पुढे ओढून म्हणाली की हे जिने तुला सांगितलं तिला कळव, साठ वर्षांची झालीस, आता तरी डावं-उजवं शिक. आणि हेही कळव की लॅब म्हणजे टपाल खातं नाही. पत्रं घरी आली तर काही बिघडत नाही.

म्हणजे तिला सगळं कळलं. माझा घास हातातच राहिला. दात चुकला म्हणून नव्हे. तिरका दात नकोच, असं ती एकदाही म्हणाली नाही म्हणून. तो फक्त जागेवर हवा आहे तिला. मी एवढ्या वर्षांत केलेल्या कुठल्याही गोष्टीत तिने चूक काढली नाही असं झालेलं नाही, पण या वेळी चूक काढताना तिचा आवाज वेगळा होता. मला तो ओळखीचा नाही. तुला असेल.

पण तू असं कसं सांगितलंस? इतकं रोज पाहिलेलं आणि बाजूच चुकलीस?

शाळेच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही. बॅग मात्र लॅबच्या कपाटात आणून ठेवली आहे, तुझ्या सल्ल्याप्रमाणे. रोज दोन कपडे आणते. काकांना नमस्कार. रागावले असले तरी लोभात कमी नाही.

तुझी,
भिंगरी

*

८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी उठले, काकांना समोर स्टुलावर बसवलं, ओला टॉवेल घेतला आणि त्यांचं तोंड पुसायला लागले. ते बिचारे विचारत राहिले की मी काय अपराध केला. मग मी जागा बदलली, मी स्टुलावर आणि ते समोर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, ती माझ्या समोर बसायची ना! माझ्या डाव्या हाताला दिसायचा तो दात, म्हणजे तिचा उजवीकडचा. बावन्न वर्षं मी तो माझ्या बाजूने लक्षात ठेवला. तिच्या बाजूने कसा असेल हे मनात कधी आलंच नाही.

ताईला कसं कळलं तेही सांगते. तिला इतक्या जवळून, समोरून पाहणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. डावीकडे दात दिसल्याबरोबर तिला स्टुलावरची मी दिसले असणार. हे लिहिताना मला रडू आलं, आणि काका म्हणतात की आधी मला कोरडा टॉवेल दे.

भिंगरे, मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. चिठ्ठी ठेवून आले तेव्हा वाटलं होतं, मोठा पराक्रम केला. बसमध्ये गाणं म्हणत होते. पण त्यानंतर चार वर्षं ताईचं अक्षर दिसलं नाही. तिच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं. लग्न झालं हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तेव्हा मी हातातली रोपं उलटी लावून ठेवली होती. तुझा जन्म झाला तेव्हा तिचं कार्ड आलं, आठ शब्दांचं. मी ते अजून ठेवलं आहे. त्यानंतर पत्रं सुरू झाली, येणं-जाणंही झालं, पण सकाळी जायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची. त्या घरात मी त्यानंतर एकदाही झोपलेली नाही. तिने राहा म्हटलं नाही आणि मी राहू का विचारलं नाही.

मला काम मिळालं, काका मिळाले, ही झाडं मिळाली. निघाले याचा पस्तावा मला एक दिवसही झाला नाही. न सांगता निघाले याचा होतो, आणि तो वयाबरोबर वाढतो आहे. तेव्हा माझा सल्ला मी परत घेते. जा, जरूर जा. पण बॅग कपाटातून काढ आणि घरी नेऊन तिच्या डोळ्यांदेखत भर. ती नाही म्हणेल. म्हणू दे. तू एकवीसची नाहीस.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. मला नाही जमलं ते तुला सांगते आहे, त्याबद्दल क्षमा कर. आशीर्वाद आणि माया, दोन्ही भरपूर.

तुझी,
मावशी

*

२६ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

आता पहिल्यापासून. मंगळवारी आई दुरुस्त चाचणीसाठी आली आणि दवाखान्यात थांबायचं सोडून सरळ मागे लॅबमध्ये आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मालक खुर्चीतून उठले. तिने बेसिन बघितलं, प्लास्टरचं पोतं बघितलं, खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. मालकांनी आपण होऊन सांगितलं की उद्या पुसून घेतो. मग ती माझ्या टेबलाशी आली. तिथे कुणाची तरी अर्धी झालेली कवळी होती. तिने ती उचलली, उलटी करून बघितली आणि विचारलं की हे तू हाताने करतेस, सगळं? मी हो म्हटलं. तिने ती होती तिथेच, होती तशी ठेवली. माझी कुठलीही वस्तू तिने पुन्हा नीट करून ठेवली नाही असं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. उजवीकडचा दात मी तिच्यासमोर बसून सारखा केला. ती आरसा धरून सांगत होती, आणखी जरा बाहेर, आता जरा आत, आमच्या आईचा इतका वळलेला नव्हता. तासभर आम्ही दोघी एका दातावर डोकं लावून बसलो होतो. मावशी, तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर गेलेच नव्हते. तिच्या भुवईत एक पांढरा केस आहे. मला माहीतच नव्हता.

शेवटी चावा नीट बसतो का ते बघायला डॉक्टरांनी दातांमध्ये मऊ मेण ठेवलं, दात मिटायला सांगितले आणि बजावलं की मेण घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर सगळं परत करावं लागेल. आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

आई नियम मोडत नाही, तुला माहीत आहे. ती तोंड मिटून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. आणि माझ्या लक्षात आलं की पुढची दोन मिनिटं माझं बोलणं कुणी मधे तोडणार नाही.

मी बोलायला लागले. शाळेचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, पत्र दोन महिने डब्याखाली आहे ते सांगितलं. मला जायचं आहे असं म्हटलं. तिच्यापासून पळून जायचं नाही, मला ते काम हवं आहे. आणि हेही खरं की घरी माझा जीव गुदमरतो. जिन्यावर बसते तेही सांगितलं. तुला जमायचं नाही हे वाक्य ऐकून ऐकून मला ते खरं वाटायला लागलं आहे आणि खरं वाटण्याआधी मला निघायला हवं. ती रागाने लाल झाली, मग डोळे मोठे केले, मग खुर्चीचा हात घट्ट धरला. पण तोंड उघडलं नाही. शेवटी शेवटी तिने बघणंही सोडून दिलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं की तू नाही म्हणालीस तरी मी जाणार आहे, पण तुझ्या उशीवर चिठ्ठी ठेवून जाणार नाही.

डॉक्टर आले, मेण काढलं. आईने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली की तुझे केस डोळ्यांवर येतात, काम करताना बांधत जा. पर्स उचलली आणि घरी गेली.

काल रात्रीच्या जेवणात मी सांगितलं की होकाराचं पत्र आज टाकलं. ती म्हणाली, तुला जमायचं नाही. मी दात मोजले नाहीत. म्हटलं, बघते, आणि नाही जमलं तरी माझं मी बघेन. ती उठून गेली. जूनमध्ये निघायचं आहे. ती निरोप देणार की दार लावून घेणार, मला माहीत नाही. पण कपाटातली बॅग आता घरी आहे, माझ्या कॉटखाली, तिला दिसेल अशी.

तू मला बळ दिलंस. तुझा हात असाच पाठीवर असू दे.

तुझी,
भिंगरी

*

२० जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझी या खेपेची दोन्ही पत्रं मी वाचली. मुलीने जाताना ती टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हवी तर वाच. परवानगीने पत्र वाचण्यात मजा नसते, तरी वाचली. तुझ्या ओळी अजूनही खाली उतरतात. रेघांचा कागद घेत जा.

एक गोष्ट दुरुस्त करते. तो दात मी टापटिपीसाठी काढला नाही. आई गेल्यावर वर्षभराने तू एकदा बादली डोक्यावर पालथी घालून घरभर फिरलीस आणि दाराला धडकलीस. मी मोठ्याने हसले. बाबा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले की हसू नकोस, तुझी आई दिसते. रागावून म्हणाले असते तर मी विसरले असते. ते रडत होते. त्या दिवसापासून मी ओठ मिटले. पुढे दात काढून घरी आले, तेव्हा बाबा चार वर्षांनी माझ्याकडे बघून जेवले. तुला सांगण्यासारखं तुझं वय नव्हतं. नंतर तुझं वय झालं तेव्हा तू निघून गेली होतीस.

तू गेलीस ते माझ्यामुळे, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं म्हणूनच चार वर्षं लिहिता आलं नाही. तुझी चूक असती तर दुसऱ्या दिवशी पत्र टाकून झापलं असतं. चौदाव्या वर्षापासून मला एकच भीती आहे, की माझं लक्ष हटलं तर कुणीतरी मोडेल. बोलत राहिले, टोकत राहिले, म्हणजे माणसं शाबूत राहतात असं वाटायचं. तू गेलीस तरी शहाणी झाले नाही. मुलीला आणखी घट्ट धरलं. त्या दोन मिनिटांत मला बोलता आलं असतं तर मी तिला थांबवलं असतं, आणि ती थांबलीही असती. हे मला समजतं. मेण घट्ट व्हायला आणखी दोन मिनिटं लागली असती तरी चाललं असतं.

ती मंगळवारी गेली. बॅग तिने भरली. मी एकदा उपसली आणि मग तिने भरली होती तशीच परत भरली. गळ्यात लाल स्कार्फ होता. मी गाडीपर्यंत गेले. सांगायच्या अकरा गोष्टी तोंडात होत्या. पाणी उकळून पी, पाठ सरळ ठेव, वगैरे. एकही बोलले नाही. फार जड गेलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून बघत होती, घाबरलेली, लहानपणी इंजेक्शनच्या आधी बघायची तशी. मी हसले. तोंड उघडून, पूर्ण. शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. ती रडली आणि हसलीही. कवळी उत्तम झाली आहे, दात जागच्या जागी आहे. हे तिला तोंडावर सांगितलं नव्हतं, म्हणून पत्राने कळवलं. दोन ओळी लिहायला दोन दिवस लागले.

आता अडचण सांगते. डॉक्टर म्हणतात, नव्या कवळीची जिभेला सवय व्हायला रोज अर्धा तास मोठ्याने बोललं पाहिजे. घरात कुणी नाही. कपाटाशी बोलून पाहिलं, ते ऐकून घेतं पण उलट बोलत नाही, त्यामुळे माझं बोलणं लवकर संपतं. तू उलट बोलायचीस. तेव्हा तू ये. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढू नकोस. मुलीची खोली तुझ्यासाठी लावली आहे. चादरीचे कोपरे मी दुमडलेले नाहीत, तुला हवे तसे घाल. कुठल्या गाडीने येतेस ते कळव, मी उतरवून घ्यायला येईन. लोभ असावा वगैरे मी लिहीत नाही, तो आहे. महिनाभर राहा म्हणजे तुलाही दिसेल.

तुझी,
ताई